कुळथाच्या बाजूची साक्षीदार

२० ऑगस्ट २००७

चि. रवी,

तुझा फोटो पेपरात आला. बरा आलाय. तुझे केस गेलेत हे आम्हाला पेपरातूनच कळायचं होतं, ते कळलं.

फोटोवर काय छापलंय ते तू वाचलं नसशील, आपल्याकडचा पेपर म्हैसूरला जात नाही. म्हणून उतरवून देते : 'कुळथापुढे कर्करोगाची शरणागती! सिंधुदुर्गच्या सुपुत्राचा जागतिक शोध.' तू असं काही बोलला नसणार याची मला खात्री आहे. लहानपणी तुला कोणी विचारलं, बाहेर पाऊस पडतोय का रे, तर हात बाहेर काढून ओला झाल्यावरही तू म्हणायचास, 'तसं वाटतंय.' बातमीच्या तळाशी बारीक टायपात तुझं खरं वाक्य सापडलं. कुळीथ, चवळी, मसूर यांतल्या काही द्रव्यांमुळे आतड्याच्या कर्करोगाला कदाचित आळा बसू शकेल, असं तू कुठल्याशा परिसंवादात म्हणालास. मी आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'कदाचित' तर दोनदा वाचलं. पण वरचा मथळा आधीच तिच्या डोक्यात जाऊन पाट मांडून बसला होता.

आता गंमत ऐक. तू या घरातून गेलास तो पिठीवरून. भाजलेल्या कुळथाचं पीठ, लसूण आणि चार आमसुलं घालून कढवलं की आपली पिठी होते. त्या दिवशी दर्यात वारा होता, तारकर्लीची शेवंती मासे घेऊन आलीच नाही, आणि आईने नव्या सुनेच्या पहिल्या जेवणाला पिठी-भात वाढला. तू म्हणालास, 'आई, घोड्याचं खाणं पाहुण्यांना वाढतात का?' आईने तुझ्यापुढचं ताट उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू सून उचललीस. तेव्हापासून तुझं दिवाळीचं छापील कार्ड येतं, त्यात आपल्या आईला तू 'आपले स्नेहांकित' म्हणून शुभेच्छा देतोस.

तर आईच्या मते या बातमीचा अर्थ एकच. शेजारीपाजारी सांगत फिरते, "माझ्या झिलान माफी मागल्यान. ती पण पेपरात छापून. सगळ्यांसमोर!"

आता जे कळवायचं नव्हतं ते. आईने शपथ घातली होती, पण मी सरकारी नोकर आहे, शपथेचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. गेल्या फेब्रुवारीत मी तिला गोव्याला इस्पितळात नेलं. परसाकडे रक्त पडत होतं आणि बाई ते मूळव्याधीच्या नावावर खपवत होती. आत नळी घालून कॅमेऱ्याने बघितलं तर आतड्यात मोठा कोंब. डॉक्टरांनी काढला. म्हणाले, कर्करोग नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर उभा होता. ज्यांना असा एक येतो त्यांना पुन्हा येऊ शकतो, वर्षाने परत बघायलाच हवं.

आई वर्षाने यायला कबूल होती. पेपर येईपर्यंत. आता म्हणते, "माका थंय जावक कित्याक व्हया? माझ्या झिलान शोध लावल्यान मां? मी डॉक्टराकडे गेलंय तर लोक म्हणतले, आवशीचोच झिलावर इस्वास नाय."

मी सांगून थकले. मी काही पेपरात छापून आलेली नाही. तूच तिला सांग.

— तुझी ताई, विमल


२८ सप्टेंबर २००७

चि. रवी,

जाडजूड पाकीट मिळालं. मला वाटलं, लेकराने मन मोकळं केलं असेल. उघडलं तर तीन इंग्रजी निबंध आणि एक चिठ्ठी : 'ताई, तिसऱ्या निबंधाचे शेवटचे पान वाचावे. हे प्रतिबंधाविषयी आहे, उपचाराविषयी नाही. तपासणी टाळू नये.' खाली सही. बाबा रे, ओरोसच्या ऑफिसात आमच्या टेबलावर येणाऱ्या स्मरणपत्रांत याहून जास्त माया असते.

तरी जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन वाचलं. समजलं ते असं. कडधान्यांत फायटिक आम्ल, टॅनिन, सॅपोनिन अशी मंडळी असतात. किडीने आपल्याला खाऊ नये म्हणून झाडं ती तयार करतात. तुम्ही शास्त्रज्ञांनी इतकी वर्षं त्यांना पोषणाचे शत्रू म्हटलं, कारण ती अन्नातलं लोह अडवून बसतात. आता प्रयोगशाळेतल्या बशीत दिसतंय की बिघडलेल्या पेशींची वाढ तीच मंडळी धिमी करतात. शिवाय कडधान्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो आतड्यातले जंतू आंबवतात, आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला मानवणारं काहीतरी निघतं. एका पाहणीत, कोंब काढलेल्या ज्या लोकांनी नंतर कडधान्यं जास्त खाल्ली त्यांच्यात मोठे, वाईट कोंब कमी उगवले. ते कडधान्यामुळे की त्या माणसांच्या इतर चांगल्या सवयींमुळे, हे नक्की ठाऊक नाही. अधिक संशोधनाची गरज आहे. आमच्याकडे याला 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणतात.

आईला मी आमच्या भाषेत सांगितलं : ही द्रव्यं आधी निलंबित होती, आता चौकशीअंती कामावर घ्यायचा विचार चाललाय. तिने मान हलवली. "म्हणजे पिठीवर खोटो आळ होतो."

"आई, चौकशी अजून संपलेली नाही."

"आळ खोटो आसलो काय चौकशी लांबताच."

गणपतीत तर कहर झाला. भजनाच्या मंडळींना आपण काळ्या वाटाण्याची उसळ देतो, ती यंदा औषध म्हणून खाल्ली गेली. धोंडूकाका आठवतो ना, बिडी विझायच्या आत दुसरी पेटवणारा? तो वाटी पुढे करून म्हणतो, "वैनी, आणखी घाल. आज बिड्यो जास्त झाले." शास्त्र आपल्या गावापर्यंत पोचलं हे खरं, पण वाटेत त्याचे कपडे कोणीतरी बदलले.

सगळ्यांत जास्त भडकलीय ती शेवंती. श्रावण सरला, गणपती गेले, आता तरी माशांची टोपली उतरेल म्हणून ती अंगणात आली.

"काकी, बांगडे बघ. अजून डोळे मिटूक नाय तेंनी."

"नको गो. आमच्यात आता कुळीथ."

"सदी?"

"सदी. सकाळ-संध्याकाळ."

शेवंतीने कमरेवर हात ठेवले. "शिरा पडो त्या पेपरार! बांगड्यात काय वायट गावला तुझ्या झिलाक?" मग माझ्याकडे वळून, "बाय विमल, तेका पत्र धाड. म्हण, कुळथाचो झालो, आता एक शोध बांगड्याचो लाव. म्हायती मी देतंय."

निरोप पोचवला. माझंही यात हित आहे. घरात एकच चूल आहे, रवी, आणि मी काही आतड्याच्या पाहणीत नाव घातलेलं नव्हतं. सकाळी पिठी, रात्री पिठी, रविवारी चवळीची आमटी. ऑफिसात कोणी डबा उघडला आणि तळलेल्या माशाचा वास आला की मी फाईल घेऊन त्या बाजूला जाते. काम काहीच नसतं.

पण तपासणीचं नाव काढलं की आईचा दरवाजा बंद. चिठ्ठीने काम होणार नाही. दिवाळीला फोन कर. आवाजात सांग.

— ताई


१४ नोव्हेंबर २००७

चि. रवी,

फोन केलास, उपकार झाले. आता कृपा करून पुन्हा करू नकोस.

तू काय बोलत होतास ते मला ऐकू आलं नाही. आईची बाजू मात्र मी भिंतीला टेकून ऐकली. तुझ्या माहितीसाठी, इकडून ते कसं वाजलं ते लिहिते.

"कोण? ... रवी? ... होय रे, बरी आसंय. तू बरो मां? पोरां बरी? ... खातंय तर. सकाळ-संध्याकाळ पिठीच खातंय. ... काय? ... पुरे नाय? पुरे नाय म्हणजे? ... मगे पेपरात कित्याक छापलंस? ... तुया नाय छापलंस, तर मगे कोणी, शेवंतीन? ... 'कदाचित' म्हणजे काय ता आधी सांग. ... म्हणजे तुका म्हायत नाय. ... अरे, तुका म्हायत नाय तर इतकी वर्सां तू थंय करतंस काय?"

यानंतर बराच वेळ ती नुसतीच ऐकत होती. तू बहुधा टक्केवारी सांगत असावास. मग तिने फोन ठेवला, पदराने पुसला आणि मला म्हणाली, "तो अजून तसोच आसा. तेव्हा म्हणालो घोड्याचा खाणा. आता म्हणता, पुरा पडना नाय."

रवी, तू बोललास त्यातलं अक्षर न् अक्षर बरोबर असणार. तिथेच घोटाळा झाला. आईला वाटलं होतं, मुलगा पिठीच्या बाजूने उभा राहिला. आणि तू फोनवरून तिला सांगितलंस की तू कुठल्याच बाजूने उभा नाहीस, पुरावा येईपर्यंत मधल्या कठड्यावर बसलायस. शास्त्रज्ञाने तिथेच बसावं. मुलगा बसला की आईला तो पलीकडचा वाटतो.

आता ती हट्टाला पेटलीय. वाळवणात कुळीथ, मडक्यात कुळीथ, माळ्यावर कुळीथ. तुझ्या जुन्या खोलीत कुळथाची पोती ठेवली आहेत. 'तेका दाखवतंय' म्हणते. काय दाखवते विचारलं तर सांगत नाही. पण त्या दिवशी दुपारपर्यंत काही ना काही निमित्त काढून ती फोनच्या आसपासच होती हे मी बघितलंय. तू परत केला नाहीस. नाही केलास तेही बरं झालं. केला असतास तर पुन्हा टक्केवारी सांगितली असतीस.

मी थट्टा करते कारण मला तेवढंच येतं. फेब्रुवारीत तिला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी एकटी होते. शेजारच्या बाईने विचारलं, बरोबर कोणी नाही? मी म्हटलं, भाऊ आहे, तो याच विषयातला मोठा माणूस आहे. ती म्हणाली, मग काळजी नको. मी हसले. तिला काय सांगणार?

पुढचा फेब्रुवारी लांब नाही. ती आली नाही आणि आत काही वाढत असेल तर ते पिठीला घाबरून थांबणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. काहीतरी सुचव. निबंध पाठवू नकोस.

— विमल


२२ जानेवारी २००८

चि. रवी,

रस्ता सापडला. तोही कोर्टाच्या आवारात.

तुला माहीत नसेल, शेजारचा हरिश्चंद्रकाका आणि आई यांची फणसावरून केस चालू आहे. झाडाचं मूळ आपल्या हद्दीत, फणस त्याच्या हद्दीत लोंबतात. वर्षानुवर्षं दोघंही ते फणस मिळून खात आलेत आणि आता मिळून भांडतायत. तारखेला आई ठेवणीतलं लुगडं नेसते. काका इस्त्रीचा सदरा घालतो. दोघं एकाच एसटीने मालवणला जातात, आणि काका वादी बाईसाठी खिडकीची जागा धरून ठेवतो.

परवा मीही रजा टाकून गेले. आपल्या बाजूचा साक्षीदार होता बाबू, खालच्या वाडीतला. बाबू आलाच नाही. तारीख पुढे गेली. येताना वाटेत उतरून त्याच्या घरी गेलो, तर बाबू आंघोळ करून, टोपी घालून, ओसरीवर बसलेला!

"मेल्या, इलंस नाय कित्याक?"

"तू न्हेवक येवक नाय, काकी. मी आपणहून कसो येव?"

आणि आईला ते पटलं! आपल्याकडची रीतच आहे : ज्याची बाजू, त्याने साक्षीदाराला घरून न्यायचं, चहापाणी करायचं, परत आणून सोडायचं. आपणहून जाईल तो साक्षीदार कसला? आई त्या दिवशी मला न्यायच्या गडबडीत त्याला विसरली होती. उलट तीच बाबूपुढे ओशाळी झाली.

पुढच्या एसटीत बसलो तेव्हा मी तिला विचारलं, "आई, साक्षीदार नाही गेला तर काय होतं?"

"केस पडता."

"बाजू खरी असली तरी?"

"खरी आसली म्हणान काय? सांगणारो नको?"

मग म्हटलं, "मग रवीच्या केसमध्ये सांगणारं कोण आहे?"

"तेची खंयची केस?"

"पिठीची. त्याने बशीत बघितलं, उंदरांत बघितलं. लोक म्हणतात, बशी आणि उंदीर ठीक आहेत, माणसाच्या आतड्यात काय झालं ते दाखवा. गेले पाच महिने दोन वेळ पिठी खाल्लेलं आतडं या जिल्ह्यात एकच आहे. आणि त्या आतड्याची मालकीण म्हणते, मी जाणार नाही, कॅमेऱ्याला दाखवणार नाही."

आईने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, गेलं हेही. मग ती हळूच म्हणाली, "उंदरांची साक्ष धरतत?"

"धरतात. पण कच्ची."

"आणि माझी?"

"उंदरापेक्षा पक्की."

पुढच्या बाकावरून हरिश्चंद्रकाकाचं डोकं वळलं; तो बाजार करून याच गाडीने निघाला होता. तो बहिरा आहे असं आम्ही समजत होतो. "वैनी, जा गो तू. तुका काय झाला तर मी फणसाची केस कोणावांगडा लढू?"

"तू गप रव. तुझी तारीख झाली आजची," आई म्हणाली. पण मला कळलं, भिंतीला भोक पडलं.

घरी आल्यावर तिने निकाल दिला. ती येणार. अट एक. "मी आपणहून जावचंय नाय. आपणहून गेलंय तर डॉक्टर म्हणतलो, हिका कोणीतरी पढवून धाडल्यानी. ज्येची बाजू, तेणा येवन न्हेवक होया."

म्हणजे तू. तू येऊन तिला घरून घ्यायचंस, गोव्याला न्यायचंस, चहा पाजायचास आणि परत आणून सोडायचंस. तारीख पंचवीस फेब्रुवारी, सोमवार.

एका म्हातारीच्या आतड्यावरून काहीही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. तू हे वाचताना तोंड उघडलंस तेही मला इथून दिसलं. मिट ते. मी तिला खोटं सांगितलेलं नाही. तिचं आतडं बघायला हवं आहे, एवढंच मी म्हणाले. कोणाला हवं आहे ते तिने आपल्या मनाने भरलं. तुला नको आहे का?

— ताई


९ फेब्रुवारी २००८

चि. रवी,

'येतो.' एवढंच लिहिलंस. पाकिटाला लावलेल्या तिकिटावर याहून जास्त मजकूर होता. पण मी ते आईला वाचून दाखवलं आणि तिने दोनदा वाचायला लावलं, इतक्या लहान पत्राला हा मोठाच मान.

कोल्हापूरहून फोंडाघाट उतरणारी गाडी धर, कणकवलीला बदल. आता सूचना. अंगणात पाय ठेवल्याबरोबर 'कदाचित' म्हणू नकोस. आल्या आल्या गोळ्या, बाटल्या, छापील कागद बाहेर काढू नकोस. तुझ्या खोलीतली पोती आईने हलवली आहेत, तेव्हा 'मी हॉटेलात उतरतो' म्हणालास तर मी तुला पोत्यात भरेन.

इस्पितळातून तयारीचा कागद आला, त्याने घरात वादळ झालं. तपासणीआधी काही दिवस बिया, साली, कडधान्यं बंद. आतडं स्वच्छ दिसायला हवं म्हणून. कुळीथसुद्धा बंद. आईने कागद माझ्या हातातून घेतला, जणू तिला वाचता येतं, आणि म्हणाली, "बघितलंस? विरुद्ध पक्षान साक्षीदार फोडूक सुरवात केल्यानी."

मी म्हटलं, "आई, उलट आहे. सहा महिन्यांचा परिणाम बघायचाय, आदल्या दिवशीचं जेवण नाही. साक्षीदार कोर्टात जेवत जेवत बोलतो का?"

हे पटलं. आता पेज आणि ताक यांवर राहायची तयारी आहे.

एक आनंदाची बातमी माझ्यासाठी. पथ्य साक्षीदाराचं, पक्षकाराचं नाही, असा आईने स्वतःच निवाडा दिला. तू येशील त्या दिवशी शेवंतीला सुरमई सांगितली आहे. शेवंती एवढी खूश, की निरोप दिलाय, "तेका म्हण, बांगड्याच्या शोधाची घाई नाय. सवडीन लाव."

ये.

— विमल


२९ फेब्रुवारी २००८

चि. सौ. जान्हवी,

तुला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. इतके दिवस लिहिण्यासारखा तुझा नवराच तिकडे होता. आता तो इथे पडवीत आडवा झालाय आणि त्याच्याशी तोंडाने भांडता येतं. तुम्ही फोनवर बोलता ते मी ऐकलं. 'सगळं ठीक आहे' यापलीकडे त्याने तुला काही सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

तो दिवेलागणीला आला. बॅग घेऊन अंगणात उभा. आई दारात उभी. आईने विचारलं, "समन्स हाडलंस?"

मला वाटलं, झालं आता. तो म्हणणार, कसलं समन्स? याची व्याख्या काय? पण तो जरा गडबडला आणि म्हणाला, "तोंडी आसा."

मालवणीत! मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकून किती काळ लोटला होता. आई म्हणाली, "तोंडी चलता. पाय धू."

सोमवारी गोव्याला गेलो. तिला आत नेल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. हा माणूस परिसंवादात शेकडो लोकांसमोर आतड्यांवर बोलतो ना? बाकावर त्याचे हात एवढे गार, की मी माझी शाल त्याच्या मांडीवर टाकली. म्हणाला, "ताई, किती जणांत परत कोंब येतात ते माका म्हायत आसा. नको तेवढा म्हायत आसा."

मी म्हटलं, "मग आता विसर."

डॉक्टर बाहेर आले. एक सापडला. बारका, तांदळाच्या दाण्याएवढा, तिथेच काढला. साधाच वाटतो, पण तपासायला पाठवलाय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. राहिला असता तर आणखी काही वर्षांनी त्याने आपला रंग दाखवला असता. मग डॉक्टरांना रवीने इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्या बिचाऱ्यांनी विचारलं, आपण काय करता? रवी म्हणाला, "मी तिचा मुलगा." तेवढंच. पेपरातल्या सुपुत्राने स्वतःची ओळख एवढ्यात आटोपली.

आई गुंगीतून जागी झाली आणि तिने डोळे उघडायच्या आधी तोंड उघडलं. "निकाल?"

रवी खाटेजवळ बसला. "एक होतो. बारको. काढल्यानी."

"म्हणजे केस पडली?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला दिसत होता.

"पडली नाय," तो म्हणाला. "पण नुसत्या पिठीन भागला नसता."

"गेल्या येळचो मोठो होतो मां?"

"मोठो होतो."

"आणि हो बारको."

"बारको."

"मगे पिठीनच तेका वाढूक दिल्यान नाय."

"ता सांगूक येना नाय, आये. कदाचित."

आला एकदाचा! मी डोळे मिटून घेतले. पण आईने तो शब्द तोंडात घोळवला, कैरीची फोड घोळवावी तसा. मग म्हणाली, "आणि तू येवन माका हंय हाडलंस म्हणान तो गावलो. हेच्यात पण कदाचित आसा?"

"नाय," रवी म्हणाला. "हेच्यात नाय. ह्या नक्की."

"बरा तर. एक तरी नक्की गावला तुका."

आणि जान्हवी, तुझा नवरा तिथे हसला. खाटेच्या कठड्यावर डोकं टेकवून हसला, मग नाक ओढलं, मग परत हसला. परिचारिका येऊन गप्प करून गेली. आई तिला म्हणाली, "ओरडू नको गो तेका. तो शास्त्रज्ञ आसा."

डॉक्टर सांगायला आले, तपासायला पाठवलेल्या तुकड्यात काही वाईट निघालं नाही, तर पुन्हा तीन वर्षांनी बघू. अहवाल आज आला : साधा कोंब. आईने तीन वर्षं लगेच मान्य केली. तिच्या दृष्टीने ते अपील आहे. "अपिलाक पण ज्येची बाजू, तेणाच न्हेवक होया," तिने बजावलंय. तेव्हा तीन वर्षांनंतरची त्याची फेब्रुवारीतली रजा आत्ताच मांडून ठेव.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी कागद घेतला. इस्पितळात डॉक्टरांनी सहज रवीला विचारलं होतं, तुम्ही स्वतः कडधान्यं भरपूर खात असाल? त्यावर तो काहीतरी पुटपुटला. आईच्या कानाने ते बरोबर टिपलं. घरी आल्यावर तिने उलटतपासणी घेतली. सकाळी काय खातोस? पाव. पावाला? लोणी. दुपारी? कँटीन. कँटीनला काय? इथे साक्षीदार पाणी प्यायला उठला. दुसऱ्यांच्या आतड्यांसाठी जन्म घालवला आणि स्वतःच्या पोटात मैदा!

आई म्हणाली, "तो खोटा सांगतलो. घरात काय जेवता ता बायलच सांगूक शकता. तिची साक्ष व्हयी."

तू आईच्या बाजूची साक्षीदार आहेस, तेव्हा रीतीप्रमाणे आईने स्वतः येऊन तुला घरून आणायला हवं. ती येते आहे. आजवर तिने घाट ओलांडलेला नाही. डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलंय, म्हणून पुढच्या रविवारी रवीबरोबर निघेल. सोबत कुळथाचं पीठ आहे, किती ते विचारू नकोस, रवी दुसऱ्या बॅगेच्या शोधात आहे. हरिश्चंद्रकाकाने फणसाची तारीख पुढे घ्यायला स्वतःहून कबूल केलंय. शेवंती सुकी सुरमई बांधून देते आहे, पक्षकाराच्या नावाने.

मी मागे राहून तळलेले बांगडे खाणार आहे. माझी साक्ष अजून कोणी मागितलेली नाही.

तुझ्याकडे नऊ दिवस आहेत. घरातला पाव तेवढा कुठेतरी लपव.

तुझी नणंद,
विमल